निवृत्तीची पुंजी आणि संसारातील दुसरा वाटा

सेवानिवृत्तीच्या निरोपसमारंभात एक प्रसंग हमखास घडतो. शाल व श्रीफळ देऊन गुरुजींचा सत्कार होतो आणि मग त्यांच्या पत्नीलाही व्यासपीठावर बोलावून खण-नारळाने तिची ओटी भरली जाते. गुरुजी इतकी वर्षे निश्चिंतपणे शिकवू शकले ते बाईंनी घर सांभाळले म्हणूनच, असे वक्ते आवर्जून सांगतात. सभा टाळ्या वाजविते. त्या टाळ्यांत कोणाचेच दुमत नसते. परंतु त्याच पती-पत्नींत बेबनाव होऊन प्रकरण कौटुंबिक न्यायालयात गेले, तर सभेने एकमुखाने मान्य केलेला हा वाटा कायद्याच्या भाषेत किती रुपयांचा ठरतो? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर वेळेवर न कळल्यामुळे उतारवयात निराधार होण्याची पाळी एखाद्या स्त्रीवर येऊ शकते. म्हणूनच शासकीय अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

पुंजीचे चार प्रकार

निवृत्तीची पुंजी असे आपण एका शब्दात म्हणतो. पण तिचे निदान चार भाग पडतात आणि प्रत्येकाचा कायदेशीर स्वभाव वेगळा आहे. पहिला भाग भविष्य निर्वाह निधीचा. दरमहा वेतनातून कापलेली रक्कम व तीवरील व्याज यांचा तो साठा होय. दुसरा भाग उपदानाचा, म्हणजे सेवेच्या दीर्घतेबद्दल एकरकमी मिळणाऱ्या रकमेचा. तिसरा भाग मासिक निवृत्तिवेतनाचा; त्यातील काही अंशाचे अंशराशीकरण करून कर्मचारी एकरकमी पैसे घेऊ शकतो. चौथा भाग कुटुंब निवृत्तिवेतनाचा. तो कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबास मिळतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर रुजू झालेल्यांना प्रामुख्याने अंशदानाची योजना लागू करण्यात आली. त्यामुळे त्यांच्या बाबतीत हिशेब आणखी निराळा होतो.

संसाराच्या पंचवीस-तीस वर्षांत घरात जे साठते, त्यांतील सर्वांत मोठी रक्कम पुष्कळदा हीच असते. गावाकडील घर वडिलोपार्जित असते, शेत भावाभावांच्या नावे असते, दागिने मुलीच्या लग्नात जातात. नोकरदाराच्या घरात खऱ्या अर्थाने त्या दोघांच्या संसारकाळात निर्माण झालेली मालमत्ता म्हणजे ही पुंजी होय. आणि नेमकी तीच एकाच्या नावावर असते.

कायद्याची आजची स्थिती

भारतात विवाहानंतर मिळविलेली मालमत्ता आपोआप दोघांची होते, असा सर्वसाधारण नियम नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याची ती, हे तत्त्व येथे चालते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २७ अन्वये विवाहप्रसंगी वा त्यासुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या असू शकणाऱ्या वस्तूंबाबत न्यायालय व्यवस्था करू शकते. भविष्य निर्वाह निधी त्या कलमात बसत नाही. तेव्हा "निधीतील अर्धा हिस्सा मला द्यावा" एवढीच मागणी करून पत्नी न्यायालयात उभी राहिली, तर तिला बहुधा निराश व्हावे लागेल.

मग मार्ग कोणता? मार्ग पोटगीचा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २५ अन्वये न्यायालय कायमची पोटगी एकरकमी किंवा मासिक स्वरूपात देऊ शकते आणि ती ठरविताना दोन्ही पक्षांचे उत्पन्न व मालमत्ता विचारात घेते. येथे निवृत्तीची पुंजी प्रत्यक्ष वाटली जात नाही. परंतु ती मोजली जाते. हा भेद सूक्ष्म असला तरी सारा विषय त्यावर उभा आहे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये कलम ३७ अन्वये तशीच तरतूद आहे. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीच्या बाबतीत, तिच्या भावी आयुष्यासाठी वाजवी व न्याय्य तरतूद पतीने इद्दतच्या मुदतीतच केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले आहे. कलम २५ चा लाभ पती वा पत्नी कोणालाही मागता येतो. पत्नी नोकरीत असेल, तर तिचा निधीही तितकाच मोजला जाईल.

पुंजी मोजायची तर आधी ती उघड झाली पाहिजे. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२० चा निर्णय फार मोलाचा आहे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात त्या न्यायालयाने पोटगीच्या सर्व प्रकरणांसाठी देशभर एक शिस्त घालून दिली. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, गुंतवणुकी व देणी यांचे शपथपत्र विहित नमुन्यात दिलेच पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळाली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. त्यापूर्वी पतीच्या निधीत किती रक्कम आहे हे सिद्ध करण्याचा भार बहुधा पत्नीवर पडे. आता स्वतःच्या रकमा सांगण्याचे दायित्व ज्याचे त्याच्यावर आले आहे.

संरक्षणाचे कवच कोणासाठी?

येथे एक गंभीर अडचण उद्भवते. निवृत्तीच्या रकमांभोवती कायद्याने फार पूर्वीपासून संरक्षणाचे कवच उभारले आहे. १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने धनकोच्या मागणीवरून निवृत्तिवेतन जप्त करण्यास मनाई केली. भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९२५ ने शासकीय निधीला, १९५२ च्या अधिनियमाने कारखाने व आस्थापनांतील कामगारांच्या निधीला आणि १९७२ च्या अधिनियमाने उपदानाला तसेच संरक्षण दिले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही या रकमा जप्तीतून वगळल्या आहेत. या तरतुदींमागील हेतू उदात्त आहे. सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या देण्यापायी म्हाताऱ्या माणसाच्या ताटातील भाकर हिरावली जाऊ नये, एवढाच तो हेतू आहे.

पण ज्या स्त्रीने त्या माणसासमोर तीस वर्षे ते ताट वाढले, ती धनको आहे काय? २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे हाच प्रश्न आला. पोटगीसाठी निवृत्तिवेतन जप्त करता येणार नाही, असे पतीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पोटगी मागणारी पत्नी ही १८७१ च्या अधिनियमातील अर्थाने धनको नव्हे. तिच्या पोटगीसाठी निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येते, असा निर्वाळा दिला गेला. दिवाणी प्रक्रिया संहितेतही हा विवेक दिसतो. सामान्य देण्याच्या वसुलीत वेतनातील पहिले एक हजार रुपये व उर्वरितापैकी दोन-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र केवळ एक-तृतीयांश वेतन सुरक्षित ठेवले आहे. कुटुंबाचे पोषण हे कर्ज नसून वेतनावरील पहिला भार आहे, ही दृष्टी त्यामागे आहे.

निधी आणि उपदान यांच्या बाबतीत मात्र कवच अधिक घट्ट आहे. ती रक्कम कर्मचाऱ्याच्या हाती पडण्यापूर्वी कार्यालयातून परस्पर पत्नीला मिळावी, अशी व्यवस्था सहसा होत नाही. म्हणून योग्य वेळी योग्य शब्दांत मागणी करणे महत्त्वाचे ठरते.

एक उदाहरण

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक शिक्षक १९९६ मध्ये जिल्हा परिषदेच्या सेवेत आले. त्यांच्या पत्नीने घर सांभाळले, सासू-सासऱ्यांची शुश्रूषा केली, दोन मुले वाढविली. शिक्षकांच्या निवृत्तीस आठ महिने उरले असता घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात दाखल झाला. निधीत बावीस लक्ष रुपये जमले आहेत असे समजू. पत्नीला रक्कम ठाऊक नाही. निधीचे वार्षिक विवरण तिने कधी पाहिलेले नाही. आठ महिन्यांत काय घडू शकते? निधीतून ना-परतावा रक्कम काढली जाऊ शकते. निवृत्तीनंतर आलेले पैसे भावाच्या नावे शेत घेण्यात किंवा पुतण्याच्या धंद्यात जाऊ शकतात. दोन वर्षांनी निकाल लागतो, तेव्हा शपथपत्रात मालमत्तेच्या रकान्यापुढे शून्य उभे असते.

हे टाळावयाचे तर पत्नीने तीन गोष्टी आरंभीच केल्या पाहिजेत. पहिली, शपथपत्राबरोबर निधीचे विवरण, वेतनपत्रक व अपेक्षित निवृत्तिलाभांचा तपशील पतीने दाखल करावा, आणि न केल्यास तो कार्यालयाकडून मागवावा, अशी विनंती न्यायालयास करणे. दुसरी, रक्कम अन्यत्र वळविण्यास तात्पुरता मनाई हुकूम मागणे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १८ अन्वये मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास व बँक खाती चालविण्यास मनाई करता येते, मग ती खाती एकट्या पतीच्या नावे असली तरीही. आणि कलम २६ मुळे हा दिलासा कौटुंबिक न्यायालयातही मागता येतो. तिसरी, अंतरिम पोटगीचा अर्ज विनाविलंब करणे. कारण पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते.

तडजोड झाली तरी सावधगिरी हवीच. "निवृत्तीनंतर निधीतील निम्मी रक्कम पत्नीला देईन" एवढेच वाक्य तडजोडीच्या अटींत लिहिले, तर ते दिसते सुंदर, पण वसुलीच्या वेळी दुबळे ठरते. निधीवरील हक्क आगाऊ दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि निम्मी म्हणजे किती यावर नवा वाद उभा राहतो. त्याऐवजी निश्चित रक्कम लिहावी, ती देण्याची तारीख लिहावी, विलंब झाल्यास व्याजाचा दर लिहावा, आणि पतीच्या स्थावर मालमत्तेवर त्या रकमेचा बोजा ठेवावा. कलम २५ मध्ये असा बोजा ठेवण्याची स्पष्ट तरतूद आहे. मासिक पोटगी ठरली असली तरी बोजा उपयोगी पडतो. कारण पतीच्या मृत्यूबरोबर त्याचे निवृत्तिवेतन थांबते आणि वसुलीचा झराच आटतो.

घटस्फोटाबरोबर काय जाते?

कुटुंब निवृत्तिवेतनाची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ते मृताच्या मिळकतीचा भाग नसते. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे कर्मचाऱ्याला ते मृत्युपत्राने कोणास देताही येत नाही. ते नियमांनुसार कुटुंबास मिळते, आणि घटस्फोटित पत्नी त्या कुटुंबात गणली जात नाही. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी परस्परसंमतीच्या अर्जावर सही करणारी स्त्री केवळ पतीला सोडत नाही. वैधव्यात जन्मभर मिळू शकले असते ते मासिक वेतनही ती त्या सहीने सोडते. एकरकमी पोटगीचा आकडा ठरविताना हा तोटा कितीजणी मोजतात?

यावर उपाय नाही असे नव्हे. परस्परसंमतीच्या अर्जात पहिल्या व दुसऱ्या टप्प्यांमध्ये सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा अवधी असतो आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. तो अवधी हिशेबासाठी वापरावा. दुसरे असे की, ज्यांना पुनर्विवाह करावयाचा नाही त्यांच्यासाठी न्यायिक विभक्ततेचा मार्ग कलम १० मध्ये आहे. त्यात सहवासाचे बंधन सुटते, पण विवाह कायम राहतो आणि नियमांतील अटींच्या अधीन राहून कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्कही शिल्लक राहू शकतो. कोणता मार्ग पत्करावा हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु निवड डोळे उघडे ठेवून व्हावी.

नामनिर्देशनाविषयीही गैरसमज आहे. निधीच्या कागदावर ज्याचे नाव, तोच मालक, असे समजले जाते. एका कर्मचाऱ्याने विवाहापूर्वी निधीसाठी आईचे नाव नोंदविले होते. त्याच्या मृत्यूनंतरच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की, नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते. वारसा कायद्यानुसार विधवेचा हिस्सा त्यामुळे बुडत नाही. तरीही वाद टाळावयाचा तर विवाहानंतर, तसेच घटस्फोटानंतरही, प्रत्येक कर्मचाऱ्याने नामनिर्देशन तपासून पाहावे.

इतरत्र काय केले जाते?

अन्य देशांनी या प्रश्नाला अधिक थेट उत्तर दिले आहे. पश्चिम जर्मनीत १९७७ पासून घटस्फोटाच्या वेळी विवाहकाळात दोघांनी मिळविलेल्या निवृत्तिहक्कांचा हिशेब करून त्यांची समान विभागणी करण्याची पद्धत सुरू झाली. आजही ती तत्त्वतः चालू आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून न्यायालय निवृत्तिवेतनाच्या निधीचेच विभाजन करू शकते. जपानने २००७ मध्ये तशी तरतूद अमलात आणली. या सर्वांमागील विचार एकच आहे. विवाहकाळात साठलेली वृद्धापकाळाची तरतूद ही दोघांच्या श्रमविभागणीचे फळ आहे. एकाने वेतन आणले, दुसऱ्याने ते आणणे शक्य केले.

याच विचाराचे एक जुने रूप शेजारच्या गोव्यात आढळते. पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार तेथे विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा अर्धा भाग धरला जातो. उर्वरित भारतात संसदेत एक प्रयत्न झाला. विवाहविषयक कायद्यांत दुरुस्ती सुचविणारे २०१० चे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये संमत केले. परंतु २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. त्यातही भर पतीच्या स्थावर मालमत्तेवर होता. न्यायालयांची दृष्टी मात्र पालटत आहे. गृहिणीच्या श्रमांचे आर्थिक मूल्य धरले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात आग्रहाने सांगितले, आणि २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पत्नीच्या गृहश्रमांमुळे पतीने घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा मान्य केला. तो निर्णय महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण युक्तिवादाला त्याचा आधार घेता येतो.

गावपातळीवरील कर्तव्य

कौटुंबिक न्यायालये अधिनियम १९८४ मध्ये संमत झाला आणि १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. पती-पत्नींच्या मालमत्तेचे वादही त्यांच्या कक्षेत येतात आणि समेटाचा प्रयत्न करणे हे त्यांचे कर्तव्यच ठरविले आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही तेथे नेहमीची दिवाणी न्यायालये हे काम पाहतात. पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत येण्यापूर्वी अशी प्रकरणे पुष्कळदा गावातच, चार माणसांच्या बैठकीत मिटविली जातात. मुद्रांक कागदावर काडीमोड लिहिली जाते, काही हजार रुपये मोजले जातात आणि "यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही" या ओळीखाली स्त्रीची सही किंवा अंगठा घेतला जातो. कायदेशीर रूढी सिद्ध होत नसेल, तर अशा कागदाने विवाह संपत नाही. आणि पोटगीचा हक्क कायमचा सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. त्या बैठकीस पंचायत सदस्य किंवा शिक्षक उपस्थित असेल, तर त्याने एवढे तरी विचारावे की, यांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत आणि निधीत किती रक्कम आहे?

खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधिसहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्र शासनाने १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, घटस्फोट व मालमत्तेच्या वादांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्कातून सूट दिली आहे. ज्यांना तातडीने मासिक आधार हवा, त्यांना १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ अन्वयेही अर्ज करता येतो. घटस्फोट होऊन गेला असला तरी कलम २५ चा दरवाजा बंद झालेला नसतो. हुकूमनाम्यानंतरही अर्ज करता येतो आणि परिस्थिती बदलल्यास रकमेत फेरफार मागता येतो.

कार्यालयप्रमुखांचेही याबाबत कर्तव्य आहे. न्यायालयाने वेतन व निधीची माहिती मागविली, तर ती तत्परतेने व पूर्ण पाठविली पाहिजे. महिनोन्महिने पडून राहिलेले एक पत्र एखाद्या स्त्रीची संपूर्ण मागणी निष्फळ करू शकते. सेवापुस्तकातील कुटुंबाची नोंद आणि नामनिर्देशन अद्ययावत आहे की नाही, हे दरवर्षी पाहिले जावे.

संसार मोडू नये, हेच खरे इष्ट. परंतु जो मोडला, त्याचा हिशेब तरी प्रामाणिक असावा. निरोपसमारंभात ज्या वाट्याचा गौरव सारे गाव करते, तो वाटा शपथपत्रात मोजला गेला, तडजोडीच्या कागदावर आकड्यांत उतरला आणि ठरल्या तारखेस हाती पडला, तरच त्या गौरवाला अर्थ उरेल.